असाध्य व्याधी आणि गृहस्थाची सेवा

जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर नावाचे जुने गाव आहे. ठशांनी छापलेले सुती कापड आणि हातांनी केलेला कागद यांमुळे ते देशभर प्रसिद्ध आहे. संघीजींचे प्राचीन जैन मंदिरही तेथेच आहे. आता हे गाव जयपूर नगरात सामावून गेले आहे. येथे आणखी एक स्थान आहे, त्याकडे मात्र यात्रेकरूंचे सहसा लक्ष जात नाही. १९६३ मध्ये राजस्थान शासनाने सांगानेरास खुले बंदी शिबिर उघडले व त्यास डॉ. संपूर्णानंदांचे नाव दिले. येथील बंद्यांची शिक्षा माफ झालेली नसते. तथापि त्यांच्याभोवती उंच भिंती नाहीत, पायांत बेड्या नाहीत. ते बायकामुलांसह राहतात, बाहेर जाऊन आपल्या श्रमाने पोट भरतात आणि ठरल्या वेळी हजेरीस येतात.

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी देहाला नऊ दारांची नगरी म्हटले आहे व त्या नगरीत सुखाने राहणारा देही वर्णिला आहे. ज्याच्या नगरीस असाध्य रोगाने वेढा घातला आहे, तो सुखाने कसा राहणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. येथे सांगानेरचा दृष्टान्त उपयोगी पडतो. मुदत पालटणे कोणाच्या हाती नसेल, पण ती मुदत अंधारकोठडीत काढावयाची की घरच्या माणसांत, उजेडात, हे पुष्कळ अंशी भोवतालच्या माणसांच्या हाती असते. दृष्टान्त एकदेशी असतो हे विसरू नये. रोगी हा अपराधी नव्हे. ‘याने मागील जन्मी काय पाप केले असेल’ अशी कुजबुज त्याच्या खाटेजवळ करणाराने गीता वाचलेली नाही, असेच म्हणावे लागेल. श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता आणि रमण महर्षींच्या डाव्या हातावर तशीच दुर्धर गाठ उद्भवली होती. तेथे ही कुजबुज कोण करील?

कर्करोग लवकर ओळखला गेला तर पुष्कळांना बरे करता येते, आणि ते प्रयत्न आधी झालेच पाहिजेत. परंतु आपल्या देशात बहुसंख्य रोगी वैद्यापर्यंत पोहोचतात तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो. मग एके दिवशी घरच्या माणसांना बाजूला बोलावून सांगण्यात येते, “आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या.” या वाक्याने जेवढे दुःख निर्माण केले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. आणि ते वाक्य खरेही नाही. रोग बरा करण्यासारखे काही उरले नसेल. रोग्यासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. आयुर्वेदाने रोगांचे साध्य आणि असाध्य असे दोनच वर्ग केले नाहीत. ‘याप्य’ असा आणखी एक वर्ग सांगितला आहे. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, पण उपचारांनी सुसह्य राखता येतो. पडू पाहणाऱ्या घराला टेकू द्यावा, तसे हे उपचार होत. आज ज्याला उपशामक सेवा म्हणतात तिचे बीज या विचारात आहे.

घरी आणलेल्या रोग्याला वेदना असह्य होतात. तो रात्रभर कण्हतो. शेजारचे वृद्ध गृहस्थ समाचाराला येतात आणि सांगतात, “काका, प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते. भगवंतांनी सहन करावयास सांगितले आहे.” त्यांचा रोख दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकाकडे असतो. शीतोष्ण आणि सुखदुःखे देणारे विषयांचे स्पर्श येतात, जातात, अनित्य आहेत, ते तू सोस, असा त्याचा भाव आहे. वचन खरे, पण ते कोणाला सांगितले आहे हे पाहावे. ते अर्जुनाला उद्देशून आहे. अर्जुन धडधाकट होता. त्याला कोणताही रोग नव्हता. कर्तव्य टाळण्याचे निमित्त तो शोधत होता. त्याला सांगितलेली तितिक्षा उचलून खाटेवर तळमळणाऱ्या माणसाच्या पदरी बांधणे हा शास्त्राचा विपर्यास होय. तितिक्षा हा ज्याचा त्याने स्वीकारावयाचा धर्म आहे. तो दुसऱ्याला लावून द्यावयाचा नसतो. दुसऱ्याच्या दुःखासंबंधी भगवंतांची आज्ञा निराळी आहे. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात ते म्हणतात की, स्वतःच्या उपमेने जो सर्वांचे सुखदुःख सारखे पाहतो, तो योगी श्रेष्ठ. स्वतःची दाढ दुखू लागली की जो रात्रीच औषध शोधतो, त्याने काकांना प्रारब्ध सांगू नये. तसेच सतराव्या अध्यायात शास्त्रबाह्य घोर तप करून देहाला पीडा देणारांस भगवंतांनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. स्वेच्छेने स्वतःस दिलेली पीडाही त्यांना मान्य नाही. मग औषध असता दुसऱ्यास सोसावयास लावलेली पीडा कशी मान्य होईल?

या बाबतीत महाभारतातील भीष्माचार्यांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे, पण तिच्यातील एक भाग कीर्तनातून क्वचितच सांगितला जातो. युद्धाच्या दहाव्या दिवशी भीष्म शरशय्येवर पडले. त्यांचे मस्तक लोंबकळत होते, म्हणून त्यांनी उशी मागितली. राजेलोकांनी मऊ, उंची उशा आणल्या. त्या त्यांनी नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण मारून मस्तकाला आधार दिला. पुढे त्यांना तहान लागली. पुन्हा राजे पक्वान्ने व थंड पाण्याचे कुंभ घेऊन धावले, आणि पुन्हा अर्जुनानेच भूमीतून जलधारा काढून दिली. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग मनन करावा. सेवा करणाराच्या मनास जे उंची वाटते ते रोग्यास सुखावह असतेच असे नाही. कोणत्या कुशीवर निजावयाचे, खिडकी उघडी हवी की मिटलेली, पाहुणे भेटावेत की नकोत, हे त्यालाच विचारले पाहिजे. बाण काढणारे निष्णात वैद्य दुर्योधनाने आणले, त्यांना मात्र भीष्मांनी सन्मानपूर्वक परत पाठविले. उपचार नाकारण्याचा अधिकार तेथे कोणी वादाचा विषय केला नाही.

कथा येथे संपत नाही. युद्धानंतर श्रीकृष्ण युधिष्ठिरास घेऊन त्यांच्याकडे आले आणि धर्म सांगण्याची विनंती केली. तेव्हा भीष्म काय म्हणाले? बाणांच्या दाहाने माझी गात्रे पोळत आहेत, बुद्धी स्थिर नाही, वाणी उमटत नाही, मी काय बोलू? भीष्मांहून मोठा सहनशील पुरुष दाखविता येईल काय? तरीही वेदनेपुढे त्यांची बुद्धी अस्थिर झाली व त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. यावर भगवंतांनी ‘सोसा’ असे म्हटले नाही. ग्लानी, मूर्च्छा, दाह, वेदना, भूक, तहान यांपैकी काहीही तुम्हांस बाधणार नाही, असा वर त्यांनी दिला. बाण तसेच राहिले आणि मरणही टळले नाही. फक्त वेदना शमली. त्यानंतरच शांतिपर्वातील आणि अनुशासनपर्वातील तो अथांग उपदेश त्यांच्या मुखातून बाहेर पडला. वेदना दूर केल्याविना मरणोन्मुख माणसाकडून ज्ञान, भक्ती किंवा नामस्मरण यांची अपेक्षा करू नये, हे येथे गीतेच्या वक्त्यानेच आचरणाने दाखविले आहे.

असा वर देण्याचे सामर्थ्य माणसास नाही हे खरे. परंतु वेदनेवर उपाय आज अगदी साधा आहे. लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स नावाचे शुश्रूषालय काढले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ देहाची नसते, तीत मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. प्रथम साधी वेदनाशामके, त्यांनी भागले नाही तर सौम्य अफूजन्य औषध, त्यानेही भागले नाही तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळ पाहून नेमाने द्यावे. रोगी ओरडेपर्यंत थांबू नये, हे तिचे मर्म आहे. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. तिने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचक हवेच. आरंभी मळमळ व झापड येते, ती बहुधा थोड्या दिवसांत ओसरते. मात्रा वैद्याने ठरवावयाची असते व गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवावयाच्या असतात. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या औषधाचे व्यसन लागते ही भीती फार अतिशयोक्त आहे. ज्याचे आयुष्य काही आठवड्यांचे उरले त्याच्या बाबतीत तर ती हास्यास्पदच होय.

खेदाची गोष्ट ही की राजस्थानातच चितोडगड, प्रतापगड, झालावाड या भागांत शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते. त्याच अफूपासून मॉर्फिन बनते. आणि तरीही त्याच राज्यातील कर्करोगी कित्येक वर्षे मॉर्फिनविना तळमळत राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचा हेतू चांगला होता, पण त्यातील परवान्यांच्या जाळ्यामुळे बहुतेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही अडचण दूर केली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवता येते. तरीही अनेक जिल्ह्यांत ते मिळत नाही, कारण मागणारेच कमी आहेत. “आमच्या रोग्याची वेदना शमविणारे औषध येथे का नाही?” हा प्रश्न जिल्हा रुग्णालयात जाऊन नम्रपणे पण ठामपणे विचारणे, हे आजच्या गृहस्थाचे लोकसंग्रहाचे कर्म आहे. केरळात हे घडले. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे कार्य आरंभिले ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचलून धरले आणि २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच जाहीर केले.

महाराष्ट्रातील उदाहरण त्याहूनही जुने आहे. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्यास डॉ. डिसोझा या ख्रिस्ती शल्यविशारदाने देशातील पहिले असे शुश्रूषालय स्थापिले, आणि त्याचे नाव ठेवले ‘शांति अवेदना’. दोन्ही शब्द संस्कृत. नाव आपल्या शास्त्राच्या भाषेचे आणि पुढाकार मात्र दुसऱ्याचा, ही गोष्ट हिंदू गृहस्थांनी थोडी अंतर्मुख होऊन विचारात घ्यावी. पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या साहाय्याने १९९७ पासून चाललेल्या केंद्रात रोगी व त्याचा नातलग विनामूल्य राहू शकतात. नातलगास शुश्रूषा शिकवून घरी पाठविले जाते. जयपुरात भगवान महावीर कर्करोग रुग्णालयात असा विभाग आहे, आणि खुद्द सांगानेरच्या प्रतापनगर वसाहतीत राज्याची कर्करोग संस्था उभी राहिली आहे. परंतु इमारती कितीही झाल्या तरी रोग्याचा अधिक काळ घरीच जाणार, म्हणून खरे कार्यक्षेत्र घर आहे.

आता आठव्या अध्यायाकडे वळू या. अंतकाळी जो भगवंताचे स्मरण करीत देह ठेवतो तो त्यांच्याकडेच जातो, असे तेथे सांगितले आहे. यावरून काहींना भीती वाटते की मॉर्फिनने गुंगी आली तर स्मरण कसे घडेल? एक तर वर सांगितल्याप्रमाणे योग्य मात्रेने बहुधा गुंगी राहत नाही, उलट वेदना थांबल्यामुळे चित्त मोकळे होते. ज्याला आठवड्यात प्रथमच झोप लागली तो सकाळी स्वतःहून जपमाळ मागतो. तरीही काहींची शुद्ध शेवटी रोगानेच हरपते. अशांच्या आप्तांनी व्याकूळ होऊ नये. त्याच अध्यायात भगवंत म्हणतात की जन्मभर ज्या भावाने चित्त भरलेले असते तोच भाव अंती येतो. श्रीवैष्णव परंपरेत वराहरूपी भगवंतांचे एक आश्वासन सांगतात. धडधाकट असता ज्याने माझे स्मरण केले, तो शेवटी काष्ठपाषाणवत् पडला असता त्याचे स्मरण मी करतो, असे ते आश्वासन आहे. याहून मोठा दिलासा कोणता?

रोग्याला खरे सांगावे की नाही, यावर घरोघर वाद होतो. थोरला मुलगा डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावतो, सूनबाई रिपोर्ट लपवितात, आणि सर्व काही ओळखून बसलेल्या आजी त्यांना वाईट वाटू नये म्हणून अजाण असल्याचे दाखवितात. असे दोन्ही बाजूंनी मौन धरून शेवटचे महिने निघून जातात. येथे गीतेची रचनाच मार्गदर्शक आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपला सारा शोक बोलून दाखवितो आणि भगवंत शांतपणे ऐकून घेतात. उपदेशाला आरंभ होतो तो दुसऱ्या अध्यायात, अर्जुनाने स्वतः विचारल्यावर. तोच क्रम येथे ठेवावा. आधी ऐकावे. “आजी, तुम्हांला काय वाटते आहे? किती जाणून घ्यावेसे वाटते?” असे विचारावे आणि जेवढे विचारले तेवढेच, पण खरे सांगावे. खोट्या आशेने अडकलेली कामे तशीच राहून जातात. मृत्युपत्र, नातवाला द्यावयाचा आशीर्वाद, धाकट्या भावाशी वीस वर्षे तुटलेले बोलणे, ही कामे दुसरा कोणी उरकू शकत नाही.

सेवेच्या काही बारीकसारीक गोष्टी धर्मग्रंथांत मिळणार नाहीत, पण त्यांचे मोल कमी नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड दिवसातून अनेकदा ओल्या कापसाने पुसावे. कर्करोगाची जखम फुटून दुर्गंधी सुटते, आणि तिच्यापायी पाहुणे दारातूनच परत फिरतात. रोग्याला याची लाज वेदनेपेक्षाही अधिक जाळते. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड वैद्याच्या सल्ल्याने जखमेवर टाकल्यास ती दुर्गंधी पुष्कळ कमी होते. एवढ्या स्वस्त उपायाने माणूस पुन्हा माणसांत येतो. हाडात पसरलेल्या रोगाची वेदना किरणोपचाराच्या एकाच मात्रेनेही अनेकदा उतरते.

अन्नासंबंधी मात्र प्रेमच आड येते. शेवटच्या दिवसांत भूक मंदावते, हा देहाचा स्वभाव आहे. अन्न सोडल्यामुळे माणूस मरतो आहे असे घरच्यांना वाटते. वस्तुतः देह आटोपू लागला म्हणून अन्न सुटते. बळेच भरविलेला घास छातीत अडकतो. हीच सावधगिरी गंगाजलाच्या बाबतीत हवी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या मुखात चमचाभर पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत उतरून त्याचा जीव घुसमटतो. तुळशीपत्र गंगाजलात बुडवून ओठांना लावावे. तेवढ्याने श्रद्धेला काही उणे पडत नाही. भूमीवर उतरविण्याचा आचारही, हाडे दुखत असता, प्राण गेल्यावर पाळला तर बिघडत नाही.

उपचार कोठे थांबवावे हा प्रश्न कायद्यानेही हाताळला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला. निरर्थक यांत्रिक उपचार नकोत असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा त्याने दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी करण्यात आली. आता असे पत्र नोटरीपुढे करता येते. विनोबाजींनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारास अन्न व औषध सोडून देह ठेवला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. जयपूरच्या उच्च न्यायपीठाने १० ऑगस्ट २०१५ रोजी जैनांचे संथारा व्रत आत्महत्येच्या पंक्तीत बसविले होते, त्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या ३१ तारखेस स्थगिती दिली. व्रताची थोरवी व्रती जाणोत. सामान्य गृहस्थाने मात्र एक विवेक बाळगावा. वेदनेने पिळवटलेला माणूस ‘आता मला जाऊ द्या’ म्हणतो, तेव्हा ते वैराग्य आहे की पीडा, हे सांगता येत नाही. आधी पीडा शमवावी आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. कित्येकदा तोच माणूस चहा मागतो. आणि शांतचित्ताने तोच निर्णय पुन्हा सांगितला, तर तो शिरसावंद्य मानावा.

राहिली सेवा करणाऱ्याची गोष्ट. काशीपूरच्या बागेतील घरात श्रीरामकृष्णांचे शेवटचे आठ महिने गेले. तेथे गृहस्थ शिष्यांनी खर्चाचा भार वाहिला, तरुण शिष्यांनी पाळीपाळीने जागरणे केली आणि शारदामातांनी पथ्याचे अन्न शिजविले. एकट्यावर सारे पडले नव्हते. आपल्या घरांत ते बहुधा एकाच स्त्रीवर पडते, आणि बाकीचे तिच्या त्यागाची स्तुती करून मोकळे होतात. स्तुतीपेक्षा तिला दुपारी तीन तास झोप द्यावी. रात्रीची एक गोळी दिराने द्यावी, औषधे नणदेने आणावीत. सर्व संपल्यावर तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, आणि ती मात्र पहाटे चारच्या गोळीच्या वेळी दचकून जागी होते. कित्येक आठवडे असे चालते. त्या दिवसांत तिच्याशी ‘सुटले बिचारे’ एवढेच बोलून उठू नये. थोडा वेळ तिच्याजवळ बसावे, तिला त्यांच्याविषयी जे बोलावयाचे असेल ते बोलू द्यावे, आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून रुग्णालयात परत देण्यासाठी तिच्यासोबत कोणीतरी जावे.